अंबाड्यातलं घुबड

रामवाडी, पेण
१४ नोव्हेंबर १९९७

सौ. कृष्णाबाई हिस आशीर्वाद.

हे पत्र लिहायची वेळ दाजींनी आणली. काल मी बाजारात वाल घेत होते. आपल्या या चुलतदिरांनी चार माणसांत मोठ्याने विचारलं, "वयनी, कृष्णावयनीचा निरोप हाय. सासूबायचा अंबाड्यातला घुबड कवा परत देनार?" दुकानदाराने तराजू तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. मी या गावात तेहतीस वर्षं शिकवलं. कुणाची वस्तू दाबून बसल्याचा आरोप काल पहिल्यांदा ऐकला. धाकट्या जावेने थोरल्या जावेला काही विचारायचं असेल तर पोस्टात अंतर्देशीय पत्रं मिळतात.

आता उत्तर. घुबड माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

तुझ्या सुनेला, बायजाला, पाचवा महिना असल्याचं दाजींकडूनच कळलं. आधीची दोन गेली तेव्हा मी दोन ओळी लिहिल्या नाहीत, ती माझी चूक. पण सोन्याच्या पत्र्याचं सुपारीएवढं घुबड अंबाड्यात खोचून गर्भ टिकत नाही. आपल्या घरच्या बायका मिठागरात पाठमोऱ्या वाकून मीठ ओढायच्या. मागे भरतीचं पाणी बांधावर चढलं तर कळायचं नाही. म्हणून कुणीतरी डोक्यामागे दोन डोळे खोचले, घुबडाला मागचं दिसतं म्हणून घुबडाचे. पुढे कधीतरी ते पोटुशी सुनेच्या अंबाड्यात जायला लागलं. ही आपल्या एका घरची रीत आहे, दुसऱ्या कोणत्या घरात मी पाहिली नाही. बायजाने चांगल्या डॉक्टरीणबाईला दाखवावं आणि लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

दाजी असंही म्हणाले की तुमच्या भातगिरणीच्या माळ्यावर घुबडांची जोडी आली आहे आणि कान्हूभावोजी धूर करून ती हाकलणार आहेत. हे अजिबात करू नये. तोंड पांढरं आणि बदामाच्या आकाराचं असेल तर ते गव्हाणी घुबड. अशी एक जोडी वर्षाला हजारावर उंदीर खाते. गिरणीवाल्याला याहून चांगला पाहुणा कोण मिळणार?

तू रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बघून नोंद ठेव. तारीख, वेळ, काय दिसलं. ऐकलेलं नको, दिसलेलंच. नोंद मला पाठव, मग लॉकरचं बघू.

सगुणा

*

रोहे
२ डिसेंबर १९९७

थोरल्या जाऊबाईंस कृष्णाचा नमस्कार.

सगळं पेण तुम्हाला बाई म्हणतं, म्हणून मीपण बाई म्हणते. बाई, दाजींना मी "हळूच विचारा" असं सांगितलं होतं. त्यांचं हळूच म्हणजे भोंगा. माफी असावी.

मी चौथी शिकलेली. तुम्ही मला साठीच्या उंबऱ्यावर अभ्यास दिलात. घरात सगळे हसतात. आमचे हे म्हणाले, "काय गो, परीक्षा कवा हाय?" पण धूर करायचं राहिलं ते राहिलंच. शेजारची काशीबाई मात्र रोज दारात येऊन बोलते, "पोटुशी घरात न् माळ्यावर घुबड! कृष्णे, तुझी थोरली जाऊ शिकून शिकून येडी झाली." मी तिला म्हटलं, तू पण ये बघायला, आमच्याकडे फुकट शाळा हाय.

नोंद खाली लिहिते.

२० नोव्हेंबर. गिरणी बंद झाल्यावर अर्ध्या तासाने. माळ्याच्या भोकात आधी तोंड दिसलं. कुणी कणकेचा गोळा मधोमध दाबून ठेवावा तसं. धड हललं नाय, मान मात्र फिरली. पार पाठीवर गेली. मला वाटलं तुटून पडते.

२३ नोव्हेंबर. दोघं निघाली. एक तुसाच्या ढिगावरून माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतराने गेलं. बाई, आवाज नाय. सूप पाखडलं तरी अंगाला वारा लागतो, हे गेलं त्याचा वारापण नाय. मी उभी होते ती बराच वेळ उभीच राहिले. भात निवडायला आलेली बाई विचारते, काय झालं? मी म्हटलं, काय नाय झालं, तेच तर बघते.

२७ नोव्हेंबर. खाली काळ्या गोळ्या पडल्यात, वरून वार्निश मारल्यासारख्या. काठीने फोडली. आत तीन उंदरांची डोकी, चिचुंद्रीचा जबडा, बाकी केस. कोणी घडी करून ठेवल्यासारखं सगळं.

३० नोव्हेंबर. उजेड होता. एक जवळ बसलं होतं. पाठ सोनेरी, वर राखेचे ठिपके. डोळे काळे. पिकलेल्या करवंदासारखे काळे.

बायजा पण बघते माझ्याबरोबर. तिला या दोन महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितली. पण झोपत नाय. दोन गेल्यापासून तिला वाटतं, पाठीमागून कोणी येतं आणि घेऊन जातं. आमच्या मोरूची डोलवीला कंपनीत रातपाळी असते तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसून राहते. तिने घुबडाचं नाव आमच्या घरात ऐकलं आणि मला एवढंच म्हणाली, "ते असतं तर मी झोपले असते." मी गर्भ टिकायला नाय मागत. झोपेसाठी मागते.

कृष्णाबाई

*

रामवाडी, पेण
९ डिसेंबर १९९७

सौ. कृष्णाबाई हिस आशीर्वाद.

नोंद चांगली आहे. चौथीच्या मानाने नव्हे, एकूणच चांगली.

आवाज न येण्याचं कारण असं. इतर पक्ष्यांच्या पिसांची कड सुरीसारखी सरळ असते, ती हवा कापते तेव्हा फडफड ऐकू येते. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला बारीक दाते असतात, फणीसारखे. हवा त्यातून विंचरून जाते. मान फिरते कारण त्याचे डोळे खोबणीत हलत नाहीत. आपण नजर फिरवतो, त्याला सगळं डोकं फिरवावं लागतं. पूर्ण वर्तुळाचे चार भाग केलेस तर तीन भाग. आणि त्याचं तोंड हे तोंड नव्हेच, ती आवाज गोळा करायची परात आहे. एक कान वर, एक कान खाली. तुसाच्या ढिगाखाली उंदीर हलला की आधी कुठल्या कानाला कळलं यावरून ते जागा ठरवतं. काळोखात, न बघता.

गोळ्या म्हणजे न पचलेलं ओकून टाकलेलं. त्या कागदावर वाळवून ठेव.

एक दुरुस्ती. गव्हाणी घुबडाचे डोळे पिवळे असतात. शाळेच्या प्राणिशास्त्राच्या कपाटात एक भरलेलं गव्हाणी घुबड आहे, १९५९ साली मी स्वतः भरलेलं. त्याचे डोळे पिवळे आहेत. मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या ते समोर ठेवून चित्रं काढली. संध्याकाळच्या उजेडात फसायला होतं. पुन्हा बघ आणि नोंद सुधार.

लॉकरची किल्ली सापडत नाही. शोधते आहे.

सगुणा

*

रोहे
२८ डिसेंबर १९९७

बाईंस नमस्कार.

तुमच्या पत्राने आमच्या घरात दोन पक्ष पडले.

मी पुन्हा बघितलं. आमच्या ह्यांना शिडीवर चढवून बघितलं. मोरू सकाळी पाळीवरून आला, त्याला बघायला लावलं. काशीबाई तोंडाला पदर लावून आली, तिलापण दिसले. काळे, बाई. चौघांच्या आठ डोळ्यांना ते काळेच दिसले. दुपारच्या उजेडात बघितले. ऊन तोंडावर आलं तर ते डोळे बारीक करतं, पण आतलं काळं ते काळंच.

बायजा मला म्हणाली, "आत्या, बाई पिवळे म्हणतात तर पिवळे लिहा ना. आपलं काय जातं? किल्ली सापडेल." मला एक क्षण पटलं. पेन हातात घेतलं. मग म्हटलं, नको. तुम्हीच लिहिलं होतं, दिसलेलंच लिही. पिवळं लिहिलं तर बाकीचं सगळं लिहिलेलं पण वाया जाईल.

मादी आता बाहेर येत नाय. ह्यांनी १४ तारखेला शिडीवरून बघितली तेव्हा दोन अंडी, १९ ला चार, काल पाच. कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, पांढरी, लिंबासारखी गोल. खाली गवत नाय, काडी नाय. त्याच गोळ्यांच्या भुग्यावर घातलीत. नर संध्याकाळी उंदीर आणून तिच्या तोंडात देतो. ती घेताना घोरल्यासारखा आवाज करते. बायजा म्हणते, मोरू आणतो त्या कंपनीच्या वड्याला मी पण असाच आवाज करीन.

हवेत गारवा आलाय. सकाळी धुकं कुंडलिका नदीवरून गिरणीपर्यंत येतं आणि घुबड त्यात शिरतं. पांढऱ्यात पांढरं मिसळून जातं. मग माळ्याच्या भोकातच एकदम दिसतं, मधलं काही नाय.

किल्ली सापडली का?

कृष्णाबाई

*

रोहे
१९ जानेवारी १९९८

बाईंस नमस्कार.

तीन आठवडे झाले. तुमचं उत्तर नाय.

८ तारखेला बायजाच्या अंगावरून जायला लागलं. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाच दिवस ठेवून घेतलं. पोर आत आहे, ठोके चांगले आहेत, पण वार खाली सरकलेली आहे. आता बाळंत होईपर्यंत झोपून राहायचं. भांडं उचलायचं नाय, जिना नाय. आम्ही तिची खाट मागच्या खिडकीशी लावली. समोर गिरणीचा माळा दिसतो.

मला रागाने लिहायचं होतं. मोरूने मला थांबवलं. म्हणाला, "आय, बाईंना बरं नसंल." मी म्हटलं, त्यांना काही होत नाय, त्यांना फक्त कोणी चूक दाखवलेली चालत नाय. बाई, मी डोळे काळेच लिहिले म्हणून तुम्ही माझ्या सुनेचं घुबड अडवून ठेवलंत, असं मला वाटतं. खोटं असेल तर तसं लिहा. खरं असेल तर ठेवा तुमचं घुबड, आणि लॉकरची किल्लीपण. परत निरोप येणार नाय.

नोंद आता बायजा ठेवते. ती सातवी शिकलीय. खालचं तिचं आहे.

"बाईंना नमस्कार. १३ ते १९ जानेवारी. (आधीचं दवाखान्यात होते म्हणून नाही.) आत्याने शिडीवरून बघून सांगितलं, पहिलं पिल्लू १३ ला फुटलं. मग १५, मग १७. सगळी एकदम नाही फुटत. थोरलं मान उचलायला लागलंय आणि धाकटं अजून अंड्यातच आहे. जिन्याच्या पायऱ्या असतात तशी लहानमोठी. ती फुसफुसतात, सापासारखी. पहिल्यांदा मी घाबरले. आता तिन्हीसांजेला फुसफूस सुरू झाली की मला बरं वाटतं. नर भोकात उतरताना पंख उघडे धरतो, तेव्हा मागच्या उजेडात त्याची पिसं दिव्याच्या काचेसारखी दिसतात. मी पाठीवर झोपून असते. पोटात पण हलतं त्याच वेळेला. मला कळत नाही कोण कोणाचं ऐकून हलतं. पहाटे मादीचं तोंड माझ्याकडे वळलेलं असतं. मी कधी बघायला लागते आणि कधी झोपते ते लक्षात राहत नाही. डोळे काळे आहेत. पण तुम्ही म्हणत असाल तर मी त्यावर भांडणार नाही. बायजा."

कृष्णाबाई

*

रामवाडी, पेण
२७ जानेवारी १९९८

कृष्णे,

लॉकर नाही. किल्ली नाही. मी खोटं लिहिलं. घुबड माझ्या ट्रंकेत तळाला, रुमालात आहे, आणि ते सुखरूप नाही. त्याला डोळे नाहीत.

सविस्तर लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

१९५८ साली मी शाळेत लागले तेव्हा मला दिवस होते. घर खाडीकाठी होतं, शाळा पेणला. रोज सकाळी सासूबाई माझ्या अंबाड्यात ते घुबड खोचायच्या आणि मान वळवून बघायच्या, सरळ बसलं का. आणि रोज मी गावाची वेस ओलांडली की ते काढून पिशवीत टाकायची. मी बी.एस्सी. झालेली. शिक्षकांच्या खोलीत डोक्यावर घुबड घेऊन बसायची मला लाज वाटायची. संध्याकाळी वेशीवर पुन्हा खोचायची.

आठव्या महिन्यात मूल गेलं. मुलगी होती. नाळेचा वेढा होता, डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, मला ते नीट समजलं. आजही समजतं. बाराव्या दिवशी सासूबाई जवळ येऊन बसल्या आणि विचारलं, "घातला व्हतास ना गो?" मी म्हटलं, "व्हय."

त्याबद्दल त्या पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत. मूल घुबडामुळे गेलं नाही. ते मला तेव्हाही माहीत होतं. पण ते "व्हय" गेलं नाही.

१९५९च्या जानेवारीत एका मिठागरवाल्याने तारेत अडकून मेलेलं गव्हाणी घुबड शाळेत आणून दिलं. ते मी भरलं. त्याचे डोळे माझ्या हाताने काढले. ते काळे होते. काचेचे डोळे मुंबईहून मागवायचे होते. मी मागवले नाहीत. घरी येऊन ट्रंक उघडली आणि सुईने सोन्याच्या घुबडाचे दोन्ही पिवळे खडे उचकटले. पत्र्याखालची काळी लाख दिसायला लागली. खडे भरलेल्या पक्ष्याला बसवले. ते लहान पडले, भोवती मेण भरलं. माझ्या पिशवीत बसून ज्याने सगळं बघितलं होतं त्याचे डोळे मला घरात नको होते. टाकून द्यायचं धैर्य नव्हतं. शाळेत कपाटाला कुलूप असतं.

मग मुली विचारू लागल्या, बाई, डोळे कुठल्या रंगाचे लिहायचे? मी म्हटलं, दिसतात ते लिहा. तेहतीस वर्षं काळे लिहिणाऱ्या हुशार मुलींचे गुण मी कापले. तू चौथी शिकलेली, रोह्याहून तेच लिहिलंस, आणि मी तुझेही कापले.

पत्र न लिहिण्याचं कारण आजार नव्हता. दिसलेलंच लिही असं मीच सांगितलं होतं, त्याला उत्तर काय देणार.

एक गोष्ट मला सतत दिसते. लग्न होऊन नवीन आले तेव्हाची. चांदणं होतं, मिठाच्या राशी बांधाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या शुभ्र उभ्या होत्या. सासूबाई पाठमोऱ्या वाकून शेवटचं मीठ ओढत होत्या. मी बांधावरून येत होते. त्यांना माझी चाहूल नव्हती. पण अंबाड्यातलं घुबड माझ्याकडे बघत होतं, दोन पिवळे ठिपके, त्या वाकतील तसे खालीवर होत. मग वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "आलीस गो?"

बायजाला सांग, तिची नोंद माझ्या कुठल्याही विद्यार्थिनीच्या नोंदीपेक्षा सरस आहे. पिल्लं जिन्यासारखी असतात कारण मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. उंदीर कमी पडले तर सर्वांत धाकटं बहुधा जगत नाही. हे तिला आता सांगू नये.

आंधळं घुबड पाठवू का नको, ते तू ठरव.

सगुणा

*

रोहे
४ फेब्रुवारी १९९८

बाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग गिरणीच्या मागे जाऊन रडले. तुसाने डोळे लाल झाले असं घरात सांगितलं.

तुम्ही लपवलंत, तसं मीपण लपवलंय. अठ्ठावीस वर्षं. आता तुम्हीच सुरुवात केलीत म्हणून लिहिते.

मोरूच्या वेळेला मला सातवा लागला तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, थोरल्या बाईंकडनं घुबड मागवा ना. त्या जाळं विणत बसल्या होत्या. म्हणाल्या, "र्‍हाऊ दे तिच्यापाशी. तुझ्या मागं सगळा घर हाय. तिच्या मागं कोन हाय?" मग मी खोचून म्हटलं, त्या घालतात कुठे, वेशीवर काढून पिशवीत टाकायच्या, सगळ्या गावाला ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, "मना पन ठाव हाय. डोक्यावर नाय तर नाय. संगं नेत व्हती ना?"

बाई, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी तुम्हाला विचारलं ते कबूल करून घ्यायला नाय. मला वाटतं, बारा दिवस तुमच्याशी कोणी बोलत नव्हतं, त्यांना बोलायला दुसरं काही सुचलं नाय.

मी हे तुम्हाला सांगितलं नाय कारण मला राग होता. पोर माझ्या पोटात, आणि काळजी तुमची. शिकलेली सून, नोकरीवाली सून. मला वाटायचं, घुबडपण तिचंच. मोरू घुबडाशिवाय झाला, धडधाकट झाला, तेव्हा मी मनात म्हटलं, बघा. कोणाला म्हटलं ते माहीत नाय.

तुमचं पत्र बायजाला वाचून दाखवलं, धाकट्या पिल्लाची ओळ सोडून. तिने विचारलं, "बाईंच्या मुलीचं नाव ठेवलं होतं?" मला ठाऊक नाय म्हटलं. मग म्हणाली, "आंधळं असलं तरी चालेल. बाईंना म्हणावं, स्वतः घेऊन या. पोस्टाने नको."

कृष्णा

*

रामवाडी, पेण
१५ फेब्रुवारी १९९८

कृष्णे,

नाव ठेवलं नव्हतं. मनात होतं. आल्यावर बायजाला सांगेन, पत्रात नाही.

काय केलं ते लिहिते. सोमवारी शाळेत गेले. मुख्याध्यापिका सीताबाई माझीच विद्यार्थिनी. मी म्हटलं, कपाटातल्या घुबडाचे डोळे चुकीचे आहेत, बदलायचे आहेत. ती म्हणाली, "बाई, सहामाहीत मी काळे लिहिले होते. घरामागच्या आंब्यावर बघून. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं." आठवत नव्हतं. तिला चांगलं आठवत होतं. मी माफी मागितली. ती एवढी गोंधळली की तिनेच मला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

मेण टोकरताना डोळे आपोआप सुटून माझ्या तळहातावर आले. थंड होते. आमच्या यांच्या जुन्या काळ्या कोटाची दोन बटणं नेली होती, ती बसवली. घुबड एकदम शांत दिसायला लागलं. एवढी वर्षं ते दचकल्यासारखं दिसायचं. मुलींचं चित्र काढायचं चुकत नव्हतं, पक्षीच चुकलेला होता.

नंतर काळूराम सोनाराकडे बसले. त्याने लाख ऊन केली आणि खडे दाबले. तो म्हणाला, "बाई, घुबडाचा दागिना अख्ख्या जन्मात नाय बघितला. लोक मोडायला सांगतात, तुम्ही डोळे बसवताव." त्याने फुंकर मारून ते माझ्यासमोर ठेवलं. मी नीट पाहिलं. गोल डोकं, शिंगं नाहीत, भुवया ठळक कोरलेल्या, डोळे पिवळे. हे गव्हाणी घुबड नव्हेच, हा पिंगळा आहे. पिंगळ्याचे डोळे खरंच पिवळे असतात. ज्याने घडवला त्याने बघून घडवला होता. मी प्राणिशास्त्र शिकवलं आणि घरातल्या पिंगळ्याला कधी निरखलं नाही.

संध्याकाळी घरी येताना खाडीकडून वारा येत होता. पिंगळा पिशवीत होता. वेशीच्या जागी आता हमरस्ता आहे, ट्रक जातात. मी तिथे थांबले, पिशवीतून तो काढला आणि अंबाड्यात खोचला. चौसष्टाव्या वर्षी. कुणी हसलं नाही. कुणी पाहिलंही नसेल. घरापर्यंतची वाट नेहमीचीच होती, पण मला ती जरा लांब वाटली, आणि लांब वाटल्याचं वाईट वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर कुणी येऊ नये, वाट माहीत आहे. दाजींना कळवू नकोस. बायजा बाळंत होईपर्यंत राहीन. शिडी मजबूत असेल तर पिल्लं मी स्वतः बघेन.

सगुणा

*

रोहे
२२ मार्च १९९८

बाईंस नमस्कार.

परवा तुम्ही गेल्यावर घर मोठं झाल्यासारखं वाटतं. थोरलं पिल्लू उडालं, तुसावर आपटलं, पुन्हा उडालं. धाकटं राहिलं नाय ते तुम्हाला माहीतच आहे. बायजाला मी सांगितलं. ती म्हणाली, "मला पाचापैकी चारच आवाज येत होते. मी मोजत होते." तिला आधीच कळलं होतं, आणि ती आम्हाला सांगत नव्हती.

दाजींनी काल विचारलं, "वयनीने घुबड दिला का नाय?" म्हणून तुम्ही म्हणालात तसं देवघेवीचं लिहून ठेवलं. एक प्रत तुम्हाला.

२० फेब्रुवारी १९९८, शुक्रवार. संध्याकाळी सहा. रोह्याचं घर, मागची खोली.
सोन्याच्या पत्र्याचा पिंगळा, एक. आत लाख. मागे आकडा, सरळ. डोळे दोन, घट्ट बसलेले. उजव्या डोळ्याच्या कडेला सुईचा ओरखडा, काळूरामला घासू दिलेला नाही.
देणार: सगुणा दत्तात्रेय घरत.
घेणार: सौ. बायजा मोरू घरत. झोपून असल्यामुळे अंबाडा बांधला नाही. वेणीच्या शेवटाला लावला. त्या रात्री आठ तास झोपली.

१३ मार्च १९९८, शुक्रवार. सकाळी सव्वानऊ. दवाखाना.
मुलगी, एक. वजन दोन किलो सहाशे. आवाज मोठा.
देणार: सौ. बायजा मोरू घरत.
घेणार: सगुणा दत्तात्रेय घरत. उभ्याने घेववेना म्हणून बाकावर बसून घेतली.
साक्ष: कृष्णाबाई कान्हू घरत.